तिजोरीची दुसरी किल्ली: एका पतसंस्थेतल्या लैंगिक छळाच्या तक्रारीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मुख्य कार्यालय असलेली ही नागरी सहकारी पतसंस्था. शाखा ११, पगारी कर्मचारी ८४. शिवाय कमिशनवर दारोदार फिरणारे पिग्मी एजंट. ओळख पटू नये म्हणून ठिकाणं, आकडे आणि तारखा बदलल्या आहेत, आणि अशाच इतर प्रकरणांतले एकदोन तपशील यात मिसळले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र हलवलेला नाही.

प्रकरण एका शाखेतलं. माणसं सात: शाखाधिकारी, कॅशिअर, दोन क्लार्क, सोनेतारण पाहणारा एक, वसुलीचा एक आणि शिपाई. कॅशिअर बाई ३१ वर्षांच्या, बी.कॉम., नोकरीला आठ वर्षं झालेल्या. पगार हातात १४,५०० रुपये, वर कॅश अलाउन्स ६००. नवरा टेम्पो चालवतो आणि टेम्पोचं कर्ज याच संस्थेचं. जून २०२३ मध्ये शाखेला नवे शाखाधिकारी आले. वय ४७, वसुलीत हातखंडा, त्यामुळे संचालक मंडळात त्यांच्या शब्दाला वजन.

एक व्यवस्था समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक कॅशिअरकडे, दुसरी शाखाधिकाऱ्याकडे. एकट्या माणसाला रोकड काढता येऊ नये म्हणून ही पद्धत, आणि पैशाच्या दृष्टीने ती बरोबरच आहे. सकाळी उघडताना आणि संध्याकाळी रोकड जुळल्यावर बंद करताना दोघांनीच स्ट्राँगरूममध्ये जायचं. या शाखेतली ती खोली आठ बाय सहा फुटांची. दार लोखंडी, खिडकी नाही, आत मोबाइलला रेंज नाही. कॅमेरा दाराबाहेर. रोकडीच्या सुरक्षेचा विचार करणाऱ्यांनी, दिवसातून दोनदा त्या खोलीत कोण कोणाबरोबर एकटं असणार आहे, हा विचार केला नव्हता.

काय घडत होतं

सुरुवात रात्रीच्या मेसेजनी झाली. आधी कामाचं निमित्त, मग "जेवलात का मॅडम?", मग "झोपलात का?". ऑगस्टमध्ये "तुम्ही"चं "तू" झालं. एवढा एक बदल पुढे चौकशी करणाऱ्या समितीला फार उपयोगी पडला, कारण शाखेतल्या इतर कोणालाही साहेब लेखी मेसेजमध्ये "तू" म्हणत नव्हते, शिपायालासुद्धा नाही.

सप्टेंबरपासून स्ट्राँगरूममध्ये गरज नसताना अंगाला अंग लावणं सुरू झालं. मागे सरकलं की "जागाच कमी आहे, काय करणार" हे उत्तर तयार. नोव्हेंबरमध्ये कमरेवर हात. २२ नोव्हेंबरला कॅशिअरने अर्ज दिला की तब्येतीच्या कारणाने कॅशवरून काढून काउंटरला द्यावं, अलाउन्स बंद झाला तरी चालेल. अर्जावर शाखाधिकाऱ्यांनी शेरा मारला: "पर्यायी कर्मचारी उपलब्ध नाही."

१४ डिसेंबरला रोकड ११,५०० रुपयांनी कमी भरली. साहेबांनी ती स्वतःच्या खिशातून भरली, कुठेही नोंद केली नाही आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी सांभाळून घेतलं. आता तू सांभाळून घे."

९ जानेवारी २०२४ ला तिजोरी बंद करताना त्यांनी दार पुढे ओढलं आणि तिला धरलं. तिने नाण्यांचा ट्रे खाली टाकला. आवाजाने शिपाई दाराशी आला, साहेब म्हणाले, "काही नाही, ट्रे निसटला." त्यानंतर तक्रार यायला ८४ दिवस लागले.

गप्प राहण्याचा हिशेब

"इतके दिवस का गप्प बसली?" हा प्रश्न या प्रकरणात जवळजवळ प्रत्येकाने विचारला. त्याचं उत्तर स्वभावात शोधायची सवय असते: बाई भित्री, बाई संकोची. प्रत्यक्षात तिच्या गप्प राहण्यामागची प्रत्येक गोष्ट कागदावर मांडता येण्याजोगी होती.

पहिली गोष्ट त्या ११,५०० रुपयांची. कमी भरलेली रोकड त्याच दिवशी रोजकीर्दीला नोंदवून मुख्य कार्यालयाला कळवली असती, तर ती साधी तूट ठरली असती. नोंद न केल्यामुळे त्या तुटीचं हत्यार झालं. तक्रार केली की साहेब त्या तुटीलाच अफरातफर म्हणणार. कॅशिअरच्या बाबतीत हा एक शब्द पुरतो. मग पुढे कोणतीही पतसंस्था तिला दारात उभी करत नाही.

दुसरी गोष्ट टेम्पोची. कर्ज ३,४०,००० रुपये बाकी, हप्ता ९,२००. दोन्ही जामीनदार याच शाखेतले सहकारी. पावसाळ्यात टेम्पोला काम नसतं, तेव्हा हप्ता पुढे ढकलायची शिफारस शाखाधिकाऱ्याच्या सहीने जाते. म्हणजे ज्याच्याविरुद्ध बोलायचं, त्याच्या पेनात घराचे चार महिने अडकलेले.

तिसरी गोष्ट घरची, आणि तीच सगळ्यात चुकीची समजली जाते. घरचे दोष देतील ही भीती तिला फारशी नव्हती. भीती होती ती नवरा आणि सासू काळजीपोटी म्हणतील त्या वाक्याची: "सोडून दे ती नोकरी." आठ वर्षांत मिळवलेलं जे काही होतं, ते या मायेच्या वाक्याने संपलं असतं. म्हणून तिने मेसेज पुसले. नवऱ्याच्या हाती फोन पडू नये यासाठी रोज रात्री तिने स्वतःच्याच हाताने पुरावा नष्ट केला. समित्यांनी हे लक्षात ठेवायला हवं: मेसेज पुसलेले असणं हे खोटेपणाचं लक्षण मानू नये. अनेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की बाईचा फोन घरात सगळ्यांचा असतो.

चौथी गोष्ट शब्दांची. तिने पहिल्यांदा कागदावर लिहिलं ते असं: "साहेबांचे वागणे योग्य नाही, त्यांच्याकडून त्रास होतो." मराठीत या सगळ्यासाठी आडवळणाचे शब्द भरपूर आहेत: त्रास, लगट, अंगचटीला येणं, वाईट नजर, छेडछाड. यातला एकही शब्द कोणी नेमकं काय केलं ते सांगत नाही. कायद्याच्या मराठीत रुळलेला "विनयभंग" तर सगळा भार बाईच्या विनयावर टाकतो. करणाऱ्याची कृती त्या शब्दात कुठेच नाही. "डाव्या हाताने कमरेला धरलं" हे वाक्य सासूच्या वयाच्या माणसांसमोर उच्चारायची कोणाला सवय नसते, आणि चौकशी तर त्या वाक्याशिवाय पुढे सरकत नाही.

आणि सांगायचं कोणाला? लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीचा फलक मुख्य कार्यालयाच्या जिन्याखाली होता, २०१९ सालचा. त्यावरच्या तीनपैकी एक सदस्य निवृत्त झालेल्या, एकीचा फोन बंद.

तक्रार अखेर २ एप्रिलला का आली, याचं कारण ऐकून समितीतल्या एका सदस्याला नवल वाटलं. मार्च एंड होता. आपण गेलो तर शाखेचं खतावणीचं काम अडेल म्हणून ती ३१ तारखेपर्यंत थांबली होती.

आजूबाजूच्यांनी काय पाहिलं

५२ वर्षांच्या एक पिग्मी एजंट रोज संध्याकाळी भरणा करायला येत. सगळे त्यांना काकू म्हणतात. त्यांनी ऑक्टोबरातच ओळखलं होतं. तिजोरी बंद व्हायच्या वेळी त्या मुद्दाम थांबायच्या आणि दोन मिनिटं झाली की हाक मारायच्या, "मॅडम, माझी मशीन चालेना, जरा बघता का?" मशीन व्यवस्थित चालत असायची. हे त्यांनी दोन महिने केलं, पण तोंडाने एक शब्द काढला नाही. पुढे समितीपुढे त्यांनी सांगितलं, "आमच्या वेळी असं होतं तेव्हा वाट बदलायची, एवढंच ठाऊक होतं."

दुसरी मुलगी २४ वर्षांची क्लार्क. ट्रे पडल्याच्या आवाजानंतर कॅशिअरचा चेहरा पाहून तिने तिसऱ्याच दिवशी सरळ विचारलं, "ताई, आपल्याकडे समिती कुठाय?" विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी महाविद्यालयांनाही अशी समिती सक्तीची आहे. कॉलेजात तिने त्याचं शिबिर केलेलं होतं, त्यामुळे समिती असायलाच हवी हे तिने गृहीत धरलं होतं. काकू आणि ही मुलगी, दोघींत २८ वर्षांचं अंतर. दृष्टिकोन बदलतो म्हणजे काय होतं ते इथे दिसतं: काकूंच्या मनात कीव आणि युक्ती होती, मुलीच्या मनात हक्क होता. आणि तरीही त्या दोन महिन्यांत कॅशिअरला प्रत्यक्षात वाचवलं ते काकूंच्या बंद न पडलेल्या मशीनने, हेही खरं.

पुरुष सहकाऱ्यांपैकी वसुलीचा कर्मचारी म्हणाला, "मला वाटलं दोघांचं जमतंय." ऑक्टोबर २०१८ मध्ये "मी टू"ची लाट आली तेव्हा याच संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यावरचे विनोद फिरत होते, आणि त्याला हसणाऱ्यांत काही स्त्रियाही होत्या.

पर्याय आणि पहिला निर्णय

जानेवारी ते मार्च या काळात कॅशिअर, काकू आणि क्लार्क या तिघींनी पाच वाटा तोलल्या. नोकरी सोडणं. दुसऱ्या शाखेत बदली मागणं. पण जवळची शाखा २२ किलोमीटरवर, मुलगी दुसरीत. चेअरमनना, म्हणजे गावाच्या अण्णांना, खासगीत सांगणं. पोलिसांकडे जाणं. किंवा कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली लेखी तक्रार.

अण्णांना सांगायचा मार्ग आधी वापरून झाला. फेब्रुवारीत काकू त्यांच्या घरी गेल्या. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मी समज देतो. पण कागद करू नका. पतसंस्था विश्वासावर चालते, उद्या ठेवीदार ठेवी काढायला रांग लावतील." समज दिली गेली. परिणाम एवढाच की साहेब सावध झाले आणि त्यांनी आपल्या फोनवरचे मेसेज पुसून टाकले.

पोलिसांचा मार्ग तिने बंद केला नाही, पुढे ठेवला. घटना जानेवारी २०२४ ची असल्यामुळे भारतीय दंड संहितेची कलमं ३५४ आणि ३५४-अ लागू होती. (१ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते, तिथे लैंगिक छळाचं कलम ७५ आहे.) समितीकडे जायला तीन महिन्यांची अट आहे, ती फौजदारी तक्रारीला नाही. शिवाय बाईला फौजदारी तक्रार करायची असेल तर त्यात मदत करणं ही मालकाचीच जबाबदारी आहे. दोन्ही मार्ग एकाच वेळीही चालू शकतात. हे तिला पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. सांगितलं गेलं ते तिसऱ्या भेटीत.

पुढचा प्रश्न, तक्रार कोणत्या समितीकडे? शाखेत सातच माणसं, आणि दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. संस्थेच्या वकिलाने हाच मुद्दा पुढे केला: "आमच्याकडे येतच नाही." तो टिकणारा नव्हता. संस्था एक, मालक एक, कर्मचारी ८४. समिती नेमण्याचं बंधन संस्थेवर होतंच. उलट बाजूने असाही युक्तिवाद होऊ शकतो की कायद्यातल्या "मालक" या व्याख्येत कामाच्या ठिकाणाचं व्यवस्थापन पाहणारी व्यक्ती येते, म्हणून शाखाधिकाऱ्याविरुद्ध स्थानिक समितीकडेच जावं. तिने व्यवहार पाहिला. स्थानिक समिती जिल्ह्याच्या गावी, ६२ किलोमीटरवर, दोन एसट्या बदलून. प्रत्येक सुनावणीला एक रजा. तिने अंतर्गत समिती निवडली.

मुदतीचा हिशेब इथे महत्त्वाचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते, घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. ९ जानेवारी ते २ एप्रिल म्हणजे ८४ दिवस, मुदतीच्या आत. कारणं लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापलीकडे नाही. गप्प राहण्याची कारणं वर एवढी सविस्तर मांडली ती यासाठीच: कायद्याने दिलेला वेळ त्या कारणांच्या मानाने फार तोकडा आहे.

समितीच नाही

तक्रार हाती आल्यावर लक्षात आलं की समिती कायद्याने अस्तित्वातच नाही. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते. २०१९ ची समिती २०२२ मध्येच संपली होती. ही चूक एकट्या या संस्थेची नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वं घालून देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर पंधरा वर्षांनी, १९ ऑक्टोबर २०१२ ला, पुण्याच्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं की मार्गदर्शक तत्त्वं कागदावरच आहेत. कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला, तरी कागद आणि जिना यांच्यातलं अंतर तेवढंच राहिलं.

घाईत नवी समिती करताना पहिला प्रस्ताव आला तो एका संचालक बाईंना अध्यक्ष करण्याचा. तो चुकीचा होता. अध्यक्ष ही वरिष्ठ पदावरची स्त्री कर्मचारी असावी लागते, संचालक कर्मचारी नसतात. कार्यालयात अशी कोणी नसेल तर त्याच मालकाच्या दुसऱ्या कार्यालयातून घेता येते. म्हणून दुसऱ्या शाखेच्या महिला शाखाधिकारी अध्यक्ष झाल्या. दोन कर्मचारी सदस्य, आणि जिल्ह्यातल्या समुपदेशन केंद्रात काम करणाऱ्या एक बाह्य सदस्य. एक कर्मचारी सदस्य साहेबांच्या भावकीतले निघाले. त्यांनी स्वतःहून नाव मागे घेतलं आणि सोनेतारण विभागातल्या बाई आल्या. १२ एप्रिलला समिती उभी राहिली.

दरम्यान एक मोठी चूक होऊन गेली होती. नियमांप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात. तिच्या नवऱ्याने (त्याला ३१ मार्चच्या रात्री सांगितलं होतं, आणि त्याने नोकरी सोड म्हटलं नाही) त्या प्रती बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात काढल्या. संध्याकाळपर्यंत पेठेत चर्चा. कायद्यात गोपनीयतेचं कडक बंधन आहे, ते तोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड आहे, पण झेरॉक्सवाल्याला त्याचं काय? समितीने मूळ एकच प्रत घेऊन बाकीच्या आपल्या कार्यालयात काढायला हव्यात. तालुक्याच्या गावात ही साधी गोष्ट कलमांपेक्षा जास्त संरक्षण देते.

अंतरिम सोय आणि मिटवामिटवी

चौकशी चालू असताना तक्रारदाराच्या लेखी विनंतीवरून समिती तिची किंवा प्रतिवादीची बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा, किंवा इतर सोय सुचवू शकते. व्यवस्थापकांनी रजा पुढे केली: "मॅडम, भरपगारी आहे, घ्या." तिने नकार दिला. रजेवर गेली ती बाई आणि खुर्चीत राहिला तो साहेब, असं दृश्य शाखेला दिसलं असतं, आणि साक्षीदार त्याच शाखेत बसणार होते. तिने एकच मागितलं: दुसरी किल्ली त्यांच्याकडून काढा. समितीने प्रतिवादीला मुख्य कार्यालयात हलवायची आणि तिचा गोपनीय अहवाल त्यांनी लिहू नये अशी शिफारस केली. १९ एप्रिलला किल्ली दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेली. तिच्या शब्दांत, त्या दिवशी आठ महिन्यांनी तिने तिजोरी बंद करताना श्वास रोखला नाही.

याच आठवड्यात एका संचालकांच्या पत्नी तिच्या घरी आल्या. "साहेब पाया पडायला तयार आहेत, दवाखान्याचा खर्चही देतील." कायद्यात समेटाला जागा आहे, पण तो चौकशी सुरू होण्याआधी, फक्त तक्रारदार बाईने मागितला तर, आणि पैशाच्या आधारावर कधीच नाही. समितीने ही भेट इतिवृत्तात नोंदवली आणि संचालक मंडळाला लेखी कळवलं की पुन्हा असं झाल्यास तो चौकशीतला हस्तक्षेप समजू. भेटी थांबल्या.

चौकशी

तक्रारीची प्रत सात कामाच्या दिवसांत प्रतिवादीला जायला हवी होती. समितीच नसल्याने ती १८ एप्रिलला गेली. या उशिराचा मुद्दा प्रतिवादीने उपस्थित केला. समितीने कारण नोंदवलं आणि उत्तराला त्यांना पूर्ण दहा कामाचे दिवस दिले. उत्तरात, अपेक्षेप्रमाणे, ११,५०० रुपये होते: तूट लपवण्यासाठी बाई खोटं बोलतेय. बाह्य सदस्यांनी एकच प्रश्न केला: "तूट तुम्हाला १४ डिसेंबरलाच माहीत होती, तर मुख्य कार्यालयाला कळवलं का नाही?" त्याला उत्तर आलं नाही.

पहिल्या सुनावणीत एका सदस्याने विचारलंच, "आत तसं झालं तर ओरडलात का नाही?" हा प्रश्न जुना आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांकडून अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडताना अंगावर खुणा नाहीत, आरडाओरडा नाही, यावरून संमतीचा अर्थ काढला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून, शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हे ठणकावलं. देशभर आंदोलन झालं, १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही चाळीस वर्षांनी एका पतसंस्थेच्या बैठकीच्या खोलीत तोच प्रश्न, तोही वाईट हेतूने नाही, सवयीने. बाह्य सदस्यांनी तो इतिवृत्तातून न काढता दुरुस्त करायला लावला: "त्या वेळी तुम्ही काय केलंत?" या प्रश्नाला उत्तर होतं: ट्रे टाकला. ट्रे शिपायाने ऐकला होता, काकूंनी ऐकला होता, आणि क्लार्कने नाणी वेचली होती. "का नाही"ने जे बंद केलं असतं, ते "काय"ने उघडलं.

पुरावा कशाकशाचा झाला तेही पाहण्यासारखं आहे. दाराबाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण ३० दिवसच राहायचं, ते गेलं होतं. मेसेज तीनच उरले होते, तिने चुकून न पुसलेले. त्यात ते "तू" होतं. कॉलची नोंद होती. सगळ्यात बोलकं ठरलं तिजोरी उघडण्या-बंद करण्याचं रजिस्टर. आधीच्या शाखाधिकाऱ्यांच्या काळात तिजोरी साधारण पावणेसहाला बंद व्हायची. सप्टेंबरपासून ती वेळ साडेसहाकडे सरकली, आणि हजेरीत बहुतेक दिवशी दोन्ही क्लार्क पावणेसहालाच बाहेर पडलेले दिसत होते. व्यवहारांची संख्या मात्र वाढलेली नव्हती. आणि २२ नोव्हेंबरचा अर्ज: १४,५०० पगारातल्या बाईने महिना ६०० रुपयांवर पाणी सोडायची तयारी लेखी दिली होती, वाद निर्माण होण्याच्या चार महिने आधी.

उलटतपासणीचा हक्क प्रतिवादीला मिळायलाच हवा. समितीने प्रश्न लेखी मागवले आणि अध्यक्षांनी ते विचारले, म्हणजे दोघांना समोरासमोर बसवावं लागलं नाही. शिपायाने साक्ष फिरवली; त्याच्यावरही संस्थेचं कर्ज होतं.

सर्वांत अवघड क्षण आला तो साहेबांच्या आधीच्या शाखेतल्या एका माजी कर्मचारी बाईंमुळे. "तब्येतीमुळे" राजीनामा दिलेल्या या बाई समितीला तोंडी सगळं सांगून गेल्या, सही मात्र करणार नाही म्हणाल्या. मुलीचं लग्न ठरत होतं. दोन सदस्यांना ते अहवालात घ्यायचं होतं. अध्यक्षांनी घेतलं नाही, आणि ते बरोबर होतं. जी साक्ष प्रतिवादीला दाखवता येत नाही तिच्यावर निष्कर्ष उभा केला की सगळा अहवाल कोसळतो. १२ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका विद्यापीठाच्या प्रकरणात नेमकं हेच केलं: चौकशीत घाई झाली, बचावाची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून शिक्षा रद्द करून प्रकरण परत पाठवलं. प्रक्रियेत घाई केली तर त्याचा फायदा शेवटी प्रतिवादीलाच होतो.

निष्कर्ष आणि परिणाम

चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. २७ जूनला, ८६ व्या दिवशी संपली. अहवाल ५ जुलैला दिला. इथे फौजदारी खटल्यासारखं "संशयापलीकडे" सिद्ध करावं लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहायचं असतं. मेसेज आणि ९ जानेवारीची घटना सिद्ध झाली, तुटीचा दबावासाठी वापर सिद्ध झाला. ऑगस्टमधल्या दोन शेरेबाजीच्या घटना सिद्ध झाल्या नाहीत, आणि अहवालात स्पष्ट लिहिलं की सिद्ध न होणं म्हणजे खोटं असणं नव्हे. कायदाही तेच सांगतो. शिफारस: पदावनती, तीन वेतनवाढी बंद, रोकड आणि किल्लीच्या कामावर नेमणूक नाही, आणि ७५,००० रुपये भरपाई पगारातून दहा हप्त्यांत.

संचालक मंडळाला साठ दिवसांत अंमल करायचा होता. त्यांनी ५७ दिवस घेतले. मधल्या काळात फक्त बदलीवर भागवायचा ठराव चर्चेला आला. शिफारस डावलली तर ५०,००० रुपये दंड आणि दुसऱ्यांदा झाल्यास दुप्पट, हे वकिलानेच सांगितल्यावर तो मागे पडला. ३१ ऑगस्टला आदेश निघाला. प्रतिवादीने नव्वद दिवसांच्या मुदतीत अपील केलं असून ते प्रलंबित आहे.

ठेवी काढायला कोणीही आलं नाही.

कॅशिअर त्याच शाखेत, त्याच खुर्चीत आहे. एका जामीनदाराने नाव काढून घेतलं; काकूंच्या भावाने जामीन दिला. दोन सहकारी अजून तिच्याबरोबर डबा खात नाहीत. गावात काहींसाठी ती "केस करणारी" आहे. मधल्या काळात तिला ॲसिडिटी आणि निद्रानाशासाठी औषधं लागली, ती आता कमी झाली आहेत, बंद नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली दुरुस्ती तुटीच्या नियमाची. रोकड कमी भरली तर त्याच दिवशी नोंद आणि मुख्य कार्यालयाला फोन. वरिष्ठाने खिशातून भरलेली तूट हाच स्वतंत्र गैरप्रकार मानावा. हे लेखापरीक्षणाचं कलम वाटेल, पण या प्रकरणातली निम्मी शांतता त्या ११,५०० वर उभी होती.

चित्रीकरणाचं म्हणाल तर फेब्रुवारीत अण्णांच्या कानावर गोष्ट गेली, तेव्हा जानेवारीचं चित्रीकरण अजून होतं. ज्या कोणाला पहिल्यांदा कळतं, त्याने "समज" देण्याआधी रेकॉर्डिंग जपून ठेवायला सांगावं. तोंडी सांगितलेलं हे कायद्याने तक्रार नसलं, तरी लेखी तक्रार करायला मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे, आणि अण्णांनी काकूंना समितीचा रस्ता दाखवायला हवा होता. ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहिवत नाही, त्यांच्यासाठी समितीने तारीख, वेळ, जागा, कृती, शब्द, कोण जवळ होतं, असे सहा साधे रकाने असलेला कागद ठेवावा. "त्रास"पासून वाक्यापर्यंतचा प्रवास त्याने निम्मा होतो.

पिग्मी एजंट स्वतःला कर्मचारी समजत नाहीत. कायदा समजतो: कायम, हंगामी, कंत्राटी, कमिशनवरची, बिनपगारी, सगळ्या त्यात येतात. या प्रकरणानंतर झालेल्या पहिल्या प्रशिक्षणाला एजंटांना बोलावलंच नव्हतं. दुसऱ्याला बोलावलं, आणि प्रश्न सगळ्यात जास्त त्यांचेच आले, बहुतेक ठेवीदारांच्या घरांतल्या अनुभवांबद्दल. कामासाठी जिथे जावं लागतं ती जागाही कामाचं ठिकाणच आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आणि किल्ली. तिजोरी उघडता-बंद करताना दार पूर्ण उघडं आणि तिसरी व्यक्ती दाराशी, अशी अट समितीने सुचवली. रजिस्टरला तिसऱ्या सहीचा रकाना आला. अकरापैकी सात शाखांत ती सही रोज होते. उरलेल्या चार शाखांत माणसं कमी असल्याचं कारण दिलं जातं. त्या चारही शाखांत कॅशिअर स्त्रिया आहेत. २४ वर्षांच्या त्या क्लार्कने हे लेखी कळवून समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतलं आहे.